शेवटी राहायचं काम

“काकू येऊन राहिल्यात,” माझ्या पाठीमागच्या बाकावर कोणीतरी म्हणालं. “गेला अर्धा तास येऊनच राहिल्यात.”

थोडं हसणं झालं. बोपदेव घाटाच्या माथ्यावर, टपरीच्या पत्र्याखाली आम्ही दहा-अकरा जण बसलो होतो. सायकली कठड्याला टेकवलेल्या होत्या आणि चहा अजून सांगितला नव्हता. ग्रुपचा नियमच आहे तसा. शेवटचा माणूस घाट चढून वर आल्याशिवाय चहा सांगायचा नाही. काकू अमरावतीच्या. त्या बोलताना येतेय, जातेय असं म्हणत नाहीत, येऊन राहिली, जाऊन राहिली म्हणतात. त्यांच्या माघारी हे सगळ्यांच्याच तोंडी बसलं होतं. कोणी ते वाईट मनाने करत नव्हतं, निदान मला तसं वाटायचं.

मी हसले नाही. बुटाच्या नाडीशी चाळा करत बसले. माझ्या जर्सीच्या मागच्या खिशात एक लाल रुमाल घडी करून ठेवलेला होता आणि तो तिथे असायला नको होता.

त्या रुमालाबद्दल आधी सांगायला हवं. आम्ही दर रविवारी सकाळी सहाला गंगाधाम चौकात जमतो. ग्रुपचे म्होरके बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना सर म्हणतात. ते कमी बोलतात आणि जे बोलतात ते नंतर दिवसभर लक्षात राहतं. निघताना ते एकाच्या सीटखाली लाल रुमाल बांधतात. ज्याला रुमाल, तो त्या दिवशी शेपूट. शेपटाने सगळ्यांच्या मागे राहायचं. सगळ्यात हळू जाणारा माणूस कितीही हळू गेला, उतरला, रडला, तरी त्याच्या पुढे जायचं नाही. वर पोचल्यावर शेपूट रुमाल सोडून सरांच्या हातात देतं. रुमाल आला म्हणजे सगळे आले. मग चहा.

मी या ग्रुपमध्ये आले ते बोलावं लागत नाही म्हणून. माझी सगळी शाळा इंग्रजी माध्यमात झाली. घरी मराठी बोलतो, पण घराबाहेर चारचौघांत मराठी बोलायचं म्हटलं की मी वाक्य आधी डोक्यात तयार करते, तपासून घेते, आणि तोवर बोलणं दुसऱ्याच विषयावर गेलेलं असतं. इंग्रजीतही मी फार बोलते असं नाही. पण चढावर कोणीच बोलत नाही. सगळ्यांना दम लागलेला असतो. तिथे गप्प असणं हा स्वभाव ठरत नाही. त्यामुळे मला चढ आवडायला लागले आणि हळूहळू मी ते बऱ्यापैकी चढायलाही लागले.

माझी पद्धत मी इंटरनेटवर वाचून बसवली होती. सुरुवातीला पाय कितीही ताजे वाटले तरी राखून चढायचं. हलका गिअर लवकर घ्यायचा, अडल्यावर नाही. नजर वर, माथ्याकडे न्यायची नाही, पुढच्या चाकाच्या चार हात पुढे ठेवायची. आणि मनाला सगळा घाट सांगायचा नाही. त्याला फक्त पुढच्या वळणापर्यंत सांगायचं. तिथवर गेलं की म्हणायचं, बरं, आता अजून एक. मन यात दर वेळी फसतं. मला गंमत वाटायची त्याची. आपलंच मन, आपणच फसवतोय, आणि तरीही फसतं.

काकूंची पद्धत वेगळी होती. पहिल्यांदा त्यांच्या मागे चढत होते तेव्हा मला वाटलं, या देवाचं काहीतरी म्हणताहेत. जवळ गेल्यावर ऐकू आलं, “खांदा झाला. आता बाही.” मी काही विचारलं नाही, मी सहसा विचारत नाही. पण काकूंना कोणी ऐकतंय हे कळलं की पुरतं.

“ब्लाउज शिवून राहिली मी,” त्या म्हणाल्या.

अमरावतीला त्यांनी पंचवीस वर्षं घरी ब्लाउज शिवले होते, पायमशीनवर. इथे त्या लेकीकडे आल्या होत्या, नात लहान म्हणून. जावयाने हौसेने घेतलेली गिअरची सायकल पार्किंगमध्ये धूळ खात पडली होती, ती त्यांनी पुसून काढली. सलवार-कमीज, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, पायात लेकीचे जुने बूट. छप्पन्न वर्षांच्या. सरांनी पहिल्या दिवशी त्यांच्याकडे वरून खाली बघून विचारलं होतं, “आपण कुठवर येणार?” काकू म्हणाल्या, “तुम्ही न्याल तिथवर.” सर काही बोलले नाहीत, आणि ते काही बोलले नाहीत याचीच त्या दिवशी ग्रुपमध्ये चर्चा झाली.

तर ब्लाउज. येवलेवाडी सोडली, खडीचे डंपर मागे पडले आणि रस्ता उचलायला लागला की काकू कापड हातात घ्यायच्या. पहिल्या वळणापर्यंत खांदे जोडायचे. दुसऱ्यापर्यंत टक्स. मग एक बाही, मग दुसरी. मधला जो लांब, सरळ, उन्हाचा चढ आहे, जिथे मी हमखास घड्याळाकडे बघते, तिथे गळा. “गळ्याला घाई केली न बेटा, की झालं वाटोळं,” त्या म्हणाल्या. “बाई घालून आरशात पाहते तेव्हा पहिले गळाच पाहते.” आणि माथ्याच्या अलीकडे चढ कमी होतो पण संपत नाही, तिथे हुक आणि काज. ते किचकट काम. तिथेच कंटाळून लोक उतरतात, असं त्यांचं म्हणणं.

“आणि कापड जाड आलं तर?” मी विचारलं. मी विचारलं याचं मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

“जाड कापडावर जोर नाही मारायचा. पाय तसाच ठेवायचा, जसा चालला तसा. जोर मारला की सुई मोडते.”

मी वाचलेल्या पानभर मजकुराचा अर्थ हाच होता. फक्त तिथे गुडघा म्हटलं होतं.

काकूंना सिंहगड चढायचा होता. नात पाळणाघरात जायला लागली की त्या अमरावतीला परत जाणार होत्या, आणि त्याआधी एकदा सायकलवर, पाय न टेकता, खडकवासल्यावरून पुढे सिंहगडाच्या माथ्यावर जायचं होतं. “इकडे येऊन फक्त पोळ्या नाही केल्या, हे सांगता आलं पाहिजे,” त्या म्हणायच्या. ग्रुपची सिंहगडची राइड हिवाळा संपता संपता असते. यादी सर करतात. अट एकच: त्याआधी दोनदा बोपदेव न उतरता चढलेला हवा. काकूंचा एकदा झाला होता. त्या रविवारी दुसरा होणार होता.

त्या रविवारी शेपूट मी होते.

सकाळ छान होती. थंडी होती, पाय हलके होते. घाट लागेपर्यंत काकूंच्या मागे राहणं जड गेलं नाही. पण चढ सुरू झाल्यावर स्वतःच्या चालीपेक्षा हळू चढणं फार अवघड असतं. चाक डगमगतं, पाय थंड पडतात, लय सापडत नाही. हे खरं आहे, पण मी जे केलं त्याचं कारण ते नाही. मी बरेच दिवस ते कारण म्हणून वापरलं, म्हणून लिहून ठेवते.

दुसऱ्या वळणाच्या अलीकडे दुसऱ्या कुठल्यातरी ग्रुपचे दोन तरुण मागून आले. महागाच्या सायकली, जर्सी, गॉगल, सगळं एका रंगातलं. काकू मोठ्याने म्हणत होत्या, “टक्स झाले. आता बाही घे.” ते दोघं आमच्या शेजारून गेले आणि त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, “सो क्यूट. मदर-डॉटर.”

एवढंच. त्यात वाईट काही नव्हतं. काकूंनी ऐकलं असलं तर त्यांना ते आवडलंही असेल.

माझे कान गरम झाले. शाळेत पालकसभेच्या दिवशी मी आईच्या तीन पावलं पुढे चालायचे. आई वर्गशिक्षिकेशी मोडकं इंग्रजी बोलायची, मोठ्याने, काही न लाजता, आणि मी फळ्याकडे बघत उभी राहायचे, जणू मी कोणा दुसऱ्यांची. ते वय गेलं असं मी समजत होते. पण घाटात ते अगदी ओळखीच्या जागी उभं होतं. मला त्या दोघांना सांगायचं होतं की मी इतकी हळू नाही. या माझ्या कोणी नाहीत.

मी काकूंच्या शेजारी गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, त्यांचं लक्ष चाकापुढच्या चार हातांवर होतं. मी मनाशी म्हटलं, फक्त पुढच्या वळणापर्यंत जाते. पाय मोकळे करते, तिथे थांबते.

वळण आलं. तिथे थांबायला सावली नव्हती. मी म्हटलं, बरं, अजून एक.

त्यानंतरचं मला नीट आठवतं, आणि ते तसं आठवू नये असं फार वाटतं. पुढे आमच्यातलेच एकजण दिसायला लागले. शेपूट त्यांना ओलांडून गेलं असतं तर त्यांनी विचारलं असतं. म्हणून मी एक पाय टेकला, सीटखालचा रुमाल सोडला, घडी केली, मागच्या खिशात ठेवला. घडी नीट चौकोनी केली. मग निघाले, त्यांना ओलांडलं, आणि बाकीचा घाट मी आजवर चढले नव्हते तसा चढले. मनाला फक्त पुढच्या वळणापर्यंतचं सांगायचं, ही युक्ती कशासाठीही चालते, हे मला त्या दिवशी कळलं. मागे एका बाईला एकटं सोडून जाण्यासाठीही चालते. मी कुठेच काकूंना सोडलं नव्हतं. मी फक्त दर वेळी पुढच्या वळणापर्यंत जात होते.

वर पोचले तेव्हा सर कठड्याशी उभे होते.

“रुमाल?”

“काकूंकडे दिलाय,” मी म्हणाले. “त्या म्हणाल्या, तू हो पुढे. मागे कोणी असलं की त्यांना टेन्शन येतं.”

हे वाक्य मला तयार करावं लागलं नाही. न तपासता, न अडखळता, चांगल्या मराठीत आलं.

सरांनी भुवया उंचावल्या. “असं म्हणाल्या?”

“हो.”

“मग त्यांनाच शेपूट नको असेल तर आपण काय करणार,” असं काहीसं बोलून ते बसले. आणि मग ती वाट बघणं आणि पाठीमागच्या बाकावरचं ते बोलणं सुरू झालं. कोणीतरी म्हणालं, काकूंसाठी महापालिकेला सांगून घाट जरा सपाट करून घ्यायला हवा. आयटीत असलेला एकजण मला म्हणाला, “तुझा टायमिंग मात्र जबरी आलाय आज, अ‍ॅपवर बघ.” मी बघितलं. माझा आजवरचा सगळ्यात कमी वेळ होता. मध्ये एक पाय टेकूनसुद्धा. मी खाली जाऊन त्यांना बघायला हवं होतं. उतारावर पाच मिनिटं लागली असती. मी ते मनात बरेचदा तयार केलं, “मी बघून येते,” इतकंच वाक्य. पण बघून यायचं म्हणजे कोणीतरी सोबत आलं असतं, आणि काकू त्यांच्यासमोर काय बोलल्या असत्या ते माझ्या हातात राहिलं नसतं.

काकू आल्या त्या चालत. सायकल हाताने ढकलत. चेन उतरून मधल्या फटीत अडकली होती आणि ती एकटीने काढता काढता त्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते, ओढणीचं टोक काळं झालं होतं. शेपूट मागे असतं ते याचसाठी. माझ्या सीटखालच्या पिशवीत हातमोजे होते, मला चेन बसवता येते, दोन मिनिटांचं काम होतं, आणि पाय टेकायचीही गरज पडली नसती. मी सायकल धरली असती आणि त्या बसल्या जागी थांबल्या असत्या. अशा वेळी सर तो चढ धरतात.

“काकू,” सर म्हणाले, “शेपटाला पुढे पाठवून आपण एकटं मागे राहायचं, ही पद्धत आमच्याकडे नाही.”

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. फार वेळ नाही, सुईत दोरा गेला की नाही हे बघायला जेवढा लागतो तेवढाच. मी नजर खाली घातली. मी वर येऊन काय सांगितलं असेल, ते त्यांना कळलं.

“चुकलंच माझं,” त्या म्हणाल्या.

“रुमाल?”

“पडला वाटते कुठं.”

“पायी आलात. हा चढ धरता येणार नाही.”

“नाही न. कसा धरता येईल.”

मी माझी पाण्याची बाटली घेऊन त्यांच्याजवळ गेले आणि त्यांच्या हातांवर पाणी घातलं. ग्रीस पाण्याने जात नाही. पाणी नुसतं वरून घरंगळत होतं. “पुरे,” त्या म्हणाल्या. एवढा एकच शब्द. मग चहा आला. त्यांनी धरलेल्या पांढऱ्या कपावर चार बोटं काळी उमटली होती, ती मी कप परत जाईपर्यंत बघत होते.

संध्याकाळी ग्रुपवर सरांचा मेसेज आला. यापुढे रुमाल हरवू नये म्हणून नवा आणला आहे, तो केशरी आहे, आणि घाटाच्या राइडसाठी ज्यांना शेपूट नको त्यांनी सपाटीच्या राइडला यावं. खाली सात-आठ अंगठे. मीही अंगठा दिला. न देणाऱ्यांत मी एकटी उठून दिसले असते.

काकू त्यानंतर आल्या नाहीत. पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. त्यांच्याबद्दल कोणी काही म्हणालं नाही. जुना रुमाल माझ्या कपाटात, स्वेटरच्या खाली होता. आईला कपडे लावू देईना म्हणून ती म्हणाली, “एवढं काय लपवलंयस तिथे?” आणि मी तिच्यावर चिडले.

तिसऱ्या आठवड्यात मी काकूंच्या सोसायटीत गेले. बिबवेवाडीतच आहे, आमच्यापासून चालत दहा मिनिटं. चार वेळा त्या गल्लीपर्यंत जाऊन परत आले होते. काकू खाली बागेत बाकावर बसल्या होत्या, नात तीनचाकी सायकलवर गोल गोल फिरत होती.

“ये,” त्या म्हणाल्या. “बस. चहा वर आहे, वर जायचं असेल तर.”

“नको.” मी उभीच राहिले. वाक्य तयार होतं, घरून निघतानाच. “काकू, मी त्या दिवशी तुम्हाला सोडून गेले. आणि सरांना खोटं सांगितलं. सॉरी.”

त्या नातीकडे बघत होत्या. “हळू गं, भिंत आहे,” तिला म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, “हे मला काऊन सांगून राहिली?”

काऊन म्हणजे का, ते कळलं; त्यांचा रोख कळला नाही.

“मी होती न तिथं. मला माहीत आहे. जे नव्हते त्यांना सांग न बेटा.”

 त्या रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, मी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं आणि ते संपलं असतं. मी माफी मागायला गेले होते असं मला वाटत होतं. खरं म्हणजे मला हे प्रकरण आमच्या दोघींत, त्या बाकावर, हळू आवाजात मिटवायचं होतं. त्यांनी मिटवू दिलं नाही.

“तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?” मी विचारलं.

“सांगतलं असतं तर तू दुसऱ्या रविवारी आली असती?” त्या म्हणाल्या. “तुझा चेहरा असा झाला होता.” त्यांनी हाताने कापड चुरगळून दाखवलं. मग जरा थांबून, “मला वाटलं तूच बोलशील. दोन मिनिटांत बोलशील, चहा येईपर्यंत बोलशील. मग म्हटलं जाऊ दे, घरी जाऊन फोनवर लिहिशील. तुम्ही पोरी बोलत नाही, लिहिता.”

मी लिहिलंही नव्हतं. मी अंगठा दिला होता.

“आणि सिंहगड?”

“तो काही कुठं जात नाही. मीच जाते. पुढच्या महिन्यात.” नात तीनचाकीवरून उतरून त्यांच्या मांडीवर चढली. “तू सायकल चालवायला सोडू नको मात्र. पाय चांगला आहे तुझा. फक्त सुई मोडते.”

पुढच्या रविवारी पुन्हा बोपदेव होता. सर माथ्यावर सिंहगडची यादी वाचणार होते. मी गेले. रुमाल मागच्या खिशात घेतला. केशरी रुमाल दुसऱ्या कोणाला बांधला होता.

येवलेवाडी मागे पडल्यावर मी पहिल्यांदा काकूंच्या पद्धतीने घाट चढले. मला ब्लाउज शिवता येत नाही, साधं बटणही आई लावून देते, पण क्रम मला पाठ होता. खांद्याला मी ठरवलं: उभं राहून बोलायचं, बसून नाही, बसून माझा आवाज खाली जातो. टक्सला ठरवलं: सॉरीने सुरुवात करायची नाही. पहिल्या बाहीला काकूंची उतरलेली चेन आठवली, त्यांचे काळे हात आठवले. दुसऱ्या बाहीला तेच ते वळण होतं जिथे मी रुमाल सोडला होता, तिथे मला दगडावर एक पाय टेकावासा वाटला, पण टेकला नाही. मधल्या सरळ चढावर गळा. घाई करायची नाही. मला तिथे जोर मारावासा वाटत होता, लवकर वर जाऊन लवकर उरकून टाकावं. पाय तसाच ठेवला. तीन-चार जण मला ओलांडून गेले. एकाने विचारलं, “बरं नाही का आज?” मी मान हलवली. हुक आणि काजाच्या टप्प्यावर चढ कमी झाला आणि टपरीचा पत्रा दिसायला लागला. तिथेच लोक कंटाळून उतरतात असं काकू म्हणायच्या. मला कंटाळा आला नव्हता. मला परत खाली जायचं होतं. उतार होता, पाच मिनिटं लागली असती.

घड्याळाकडे मी बघितलं नाही.

वर पोचल्यावर बाटली अर्धी संपवली आणि बाकावर बसले. ठरवलं होतं उभं राहायचं, तरी बसलेच. केशरी रुमाल वर आला, चहा सांगितला गेला. सरांनी खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि नावं वाचायला सुरुवात केली. माझं नाव तिसरं होतं. शेवटचं नाव वाचून त्यांनी कागदाची घडी घातली.

“आणि काकू?” आयटीतल्या त्याने विचारलं.

“काकू सपाटीवर बऱ्या,” सर म्हणाले. “त्यांना एकटं राहायला आवडतं.”

“येऊन राहिल्या असतील अजून,” कोणीतरी म्हणालं. हसणं झालं, त्या दिवशीइतकंच.

मी उठले. उठले म्हणून दोघं-तिघं माझ्याकडे बघायला लागले, त्यांना वाटलं मी पाणी मागते आहे. मागच्या खिशातून लाल रुमाल काढताना तो खिशाच्या झिपमध्ये अडकला, एकदा निघाला नाही. मग निघाला. मी तो सरांच्या पुढ्यात, चहाच्या कपाशेजारी ठेवला. माझी चौकोनी घडी तशीच होती. सरांनी चष्म्यातून रुमालाकडे बघितलं, मग माझ्याकडे.  तयार केलेलं वाक्य डोक्यात नव्हतं, कुठे गेलं कोण जाणे. मी सरांकडे बघत, मला वाटलं त्याहून मोठ्या आवाजात म्हणाले,

“काकूंनी हा हरवला नव्हता, माझ्याच खिशात होता. त्यांनी मला पुढे जा म्हटलं नव्हतं. मला त्यांच्यासोबत दिसायची लाज वाटली, म्हणून मी त्यांना सोडून आले, आणि इथे येऊन खोटं बोलले. माझं नाव काढा यादीतून. त्यांना एक चढ परत द्या, मी मागे राहते.”